सागरगप्पा : दोन हात आणि दहा वस्तू



मे महिन्याची सुट्टी संपली, की आमच्याकडे पत्रांचा पाऊस सुरू होतो. कोणी मामाच्या गावाला जाऊन आलेला असतो, कोणी पोहायला शिकलेला असतो, तर कोणी नुसतेच आंबे खाऊन आलेला असतो! यंदा त्या गठ्ठ्यात सातवीतल्या एका मैत्रिणीचे पत्र सापडले. ते आधी वाचू या.

‘सागरकाका, आम्ही सुट्टीत तारकर्लीला गेलो होतो. तिथे मी आणि बाबांनी स्कूबा डायव्हिंग केलं. पाण्यात उतरायच्या आधी होडीवरच्या दादाने माझा चष्मा, कानातलं, बाबांची अंगठी, मोबाइल, सगळं काढून आईकडे द्यायला लावलं. म्हणाला, “पडलं तर परत मिळायचं नाही.” पण त्याच्या स्वतःच्या अंगावर किती वस्तू होत्या! कॅमेरा, सुरी, टॉर्च, कसली तरी दोरी आणि दोन-तीन घड्याळांसारखं काहीतरी. मग त्याच्या वस्तू पडत नाहीत का? आणि पडल्या तर तो काय करतो?’

वा! प्रश्न दिसायला साधा आहे, पण त्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात, ‘पडल्या तर तो काय करतो?’ यात, चक्क जीवनमरणाची गोष्ट दडलेली आहे बरं का. म्हणून आजच्या गप्पा याच विषयावर.

आधी सामान मोजू

स्कूबा म्हणजे श्वास घ्यायची हवा स्वतःच्या पाठीवर घेऊन पाण्याखाली जाणे. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्याँ या दोघांनी असे उपकरण तयार केले, की पाणबुड्याने श्वास ओढला की हवे तेवढ्याच दाबाची हवा त्याला आपोआप मिळावी. तेव्हापासून माणूस पाण्याखाली माशासारखा मोकळा फिरू लागला. होडीवरून येणाऱ्या नळीची गरज उरली नाही.

आता पाणबुड्याच्या अंगावर काय काय असते ते पाहा. पाठीवर हवेची टाकी. तोंडात रेग्युलेटर. डोळ्यांवर नाकासकट झाकणारा मास्क. पायांत बदकासारखे फिन्स. अंगात एक जाकीट असते, त्यात टाकीतली हवा भरता येते आणि सोडताही येते. हवा भरली की माणूस वर उचलला जातो, सोडली की खाली जातो.

हे झाले अंगावरचे. याशिवाय हातात घ्यायच्या वस्तू वेगळ्याच : टॉर्च, कॅमेरा, पाण्याखाली लिहायची पाटी आणि तिची पेन्सिल, दोरी कापायची सुरी किंवा कटर, दोरीचे रीळ, वर येताना पाण्यावर सोडायचा नारिंगी फुगा, होकायंत्र, टाकीत किती हवा उरली ते दाखवणारे गेज, खोली दाखवणारे गेज, आणि श्वासासाठीचा एक जादा रेग्युलेटर. झाल्या की नाही दहा वस्तू?

तुम्ही म्हणाल, “काका, दिवसाढवळ्या टॉर्च कशाला?” सांगतो. पाणी सूर्यप्रकाशातला लाल रंग सगळ्यात आधी गिळून टाकते. थोडे खोल गेले, की लालभडक मासासुद्धा काळपट करडा दिसू लागतो. तिथे बोटाला खरचटले, तर येणारे रक्त हिरवट दिसते! टॉर्च लावला, की तोच मासा पुन्हा लाल. म्हणून टॉर्च हवाच.

वस्तू दहा आणि हात मात्र दोनच. शिवाय हे दोन हात पाण्याखाली रिकामे नसतात. खाली जाताना कान दुखू नयेत म्हणून दर थोड्या अंतरावर नाक चिमटीत धरून हळूच फुंकावे लागते. त्याला एक हात. जाकिटात हवा भरायचे आणि सोडायचे बटण सांभाळायचे, त्याला दुसरा हात. पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून सारे बोलणे खुणांनी, म्हणजे तेही हातांनीच. मग दहा वस्तू धरायच्या कोणी?

माडावरचा कोयता आणि अवकाशातली पिशवी

हा प्रश्न काही फक्त पाणबुड्यांना पडलेला नाही. कोकणात माडावर नारळ पाडायला चढणारा माणूस कधी पाहिला आहे? त्याचे दोन्ही हात खोडाला, पायही खोडाला. मग धारदार कोयता कुठे? तो असतो कमरेमागे आकडीला अडकवलेला. वर पोचल्यावर न बघता हात मागे जातो आणि कोयता बरोबर हातात येतो. काम झाले, की पुन्हा आकडीत. खाली अंगणात पोरेबाळे उभी असतात, कोयता निसटून चालणारच नाही.

आजोबा सुटे पैसे कनवटीला लावत आणि आजी पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवी, तीही हीच युक्ती. हात मोकळा, वस्तू जागेवर.

आता माडावरून थेट अवकाशात चला. १९६५ साली एड व्हाइट हा अमेरिकन अंतराळवीर जेमिनी-४ या यानातून बाहेर पडून अवकाशात तरंगला. त्या वेळी यानाच्या उघड्या दारातून एक जादा हातमोजा बाहेर निसटला आणि पाहता पाहता दूर निघून गेला. पुढे २००८ च्या नोव्हेंबरात आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाबाहेर दुरुस्ती चालू असताना हेडमेरी स्टेफॅनिशिन-पायपर या अंतराळवीरांगनेची हत्यारांची अख्खी पिशवीच निसटली. ती पृथ्वीभोवती फिरत राहिली आणि २००९ च्या ऑगस्टमध्ये वातावरणात शिरून जळून गेली. एवढे शिकलेले, एवढा सराव केलेले लोक! त्यांच्याही हातून वस्तू निसटते. तर मग आपली काय कथा?

पण या गोष्टीतली एक बाब नीट लक्षात ठेवा. त्या पिशवीच्या मागे कोणीही झेप घेतली नाही. पिशवी गेली, माणसे सुखरूप राहिली. आपण याकडे पुन्हा येणारच आहोत.

पाण्यात वस्तू पडते कुठे?

वर्गात पेन्सिल हातातून सुटली, तर ती कुठे जाणार हे आपल्याला ठाऊक असते. खाली! पाण्यात मात्र तसे नसते. तिथे तीन शक्यता असतात, आणि त्या तुम्हाला घरच्या बादलीत पाहता येतील.

बादलीभर पाणी घ्या. त्यात स्टीलचा चमचा सोडा. तो तळाला जाईल. आता झाकण घट्ट लावलेली छोटी रिकामी प्लास्टिकची बाटली पाण्याखाली दाबून सोडा. ती टुण्णकन वर येईल. आता त्याच बाटलीत थोडे थोडे पाणी भरत जा आणि दर वेळी झाकण लावून सोडून पाहा. एक वेळ अशी येईल, की बाटली पुरती वरही येत नाही आणि चटकन खालीही जात नाही, अधांतरी रेंगाळते.

यामागे आर्किमिडीजचा नियम आहे. वस्तू पाण्यात बुडली, की ती जेवढे पाणी बाजूला सारते तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका जोर तिला वर ढकलतो. समुद्राच्या एक लिटर पाण्याचे वजन साधारण १.०२५ किलो असते. समजा, एका टॉर्चचे वजन ६०० ग्रॅम आहे आणि आकारमान ४०० मिलिलिटर. तो सुमारे ४१० ग्रॅम पाणी बाजूला सारील. म्हणजे पाण्यात त्याचे वजन भासेल फक्त १९० ग्रॅम. हातात तो हलका वाटतो खरा, पण सोडलात तर बुडणार तो बुडणारच.

छोट्या कॅमेऱ्यांचेही असेच. नुसता कॅमेरा बुडतो. तो बुडू नये म्हणून काही जण त्याला तरंगणारी मूठ लावतात. मग हातातून सुटला, की तो थेट वर पळतो! बादलीतली ती बाटली आठवा.

त्यात आणखी एक गंमत आहे. मास्कच्या काचेतून पाण्यातल्या वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठ्या आणि एक चतुर्थांश जवळ दिसतात. त्यामुळे निसटलेली वस्तू पकडायला नवखा माणूस हात मारतो आणि त्याची मूठ पाण्यावरच बंद होते. वस्तू त्याला वाटते त्यापेक्षा थोडी दूरच असते. मूठ मारल्याने पाणी ढवळले जाते, आणि वस्तू अजूनच दूर सरकते.

माझी फजिती

आता स्वतःची एक गोष्ट सांगतो. सांगायला लाज वाटते, पण तुमच्या उपयोगाची आहे म्हणून सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. मी डायव्हिंग नुकताच शिकलो होतो. मालवणजवळच्या समुद्रात, किनाऱ्यापासून बरेच आत असलेल्या खडकांपाशी आम्ही उतरलो. ठरले होते ते असे : बारा मीटरच्या खाली कोणी जायचे नाही, आणि जोडीदाराची जोडी सोडायची नाही. माझ्या हातात मित्राकडून मागून आणलेला टॉर्च होता. त्याला दोरीही होती, जाकिटाला अडकवायला आकडाही होता. पण एका कपारीत मोरे, म्हणजे तोंड वासून बसणारा सापासारखा मासा, दिसला. नीट उजेड पाडावा म्हणून मी आकडा काढला. म्हटले, जरा वेळच!

तेवढ्यात पाण्याचा एक झोत आला. मी खडकाला धरायला गेलो आणि टॉर्च हातातून सुटला. पेटलेलाच होता. गोल गोल फिरत, उजेडाचे झोत फेकत तो खडकाच्या उताराने खाली निघाला. दिसत होता, अगदी हाताशी वाटत होता. मी डोके खाली केले आणि पाय मारले.

कानात कळ आली, तेव्हा मला आठवले की मी नाक धरून फुंकलेलेच नाही. तरी पाय थांबले नाहीत. मनात एकच : टॉर्च दुसऱ्याचा आहे, टॉर्च दुसऱ्याचा आहे. एवढ्यात कोणीतरी माझा फिन घट्ट पकडला. आमचे प्रशिक्षक होते. त्यांनी माझे गेज माझ्याच डोळ्यांसमोर धरले. खोली एकोणीस मीटर! आणि हवेचा काटा लाल पट्ट्याच्या जवळ. मागे वळून पाहिले, तर माझा जोडीदार कुठेच दिसेना. मी त्याला काहीही न सांगता निघून गेलो होतो, आणि तो बिचारा वर खडकापाशी एकटाच मला शोधत होता.

आम्ही सावकाश वर आलो. वाटेत जोडीदार भेटला. पाच मीटरवर तीन मिनिटे थांबलो. ती तीन मिनिटे मला तीन तासांसारखी वाटली. होडीत चढल्यावर प्रशिक्षकांनी आपला मास्क काढला आणि अस्सल मालवणीत एकच वाक्य बोलले :

“मेल्या, तुका बॅटरी व्हयी काय जीव व्हयो?”

आजही पाण्यात उतरताना मला ते वाक्य ऐकू येते.

पाठलाग का करायचा नाही?

खाली पाठलाग केला तर काय होते, ते गणिताने पाहू. पाण्यात दर दहा मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. पृष्ठभागावर एक, दहा मीटरवर दोन, वीस मीटरवर तीन, तीस मीटरवर चार. दाब जितका जास्त, तितकी प्रत्येक श्वासात हवा जास्त लागते.

समजा, १२ लिटरची टाकी २०० बार दाबाने भरली आहे. म्हणजे तिच्यात साधारण २४०० लिटर हवा मावली. पृष्ठभागावर एखाद्याला मिनिटाला २० लिटर हवा पुरत असेल, तर ही टाकी १२० मिनिटे चालेल. दहा मीटरवर ६० मिनिटे, वीस मीटरवर ४० मिनिटे आणि तीस मीटरवर फक्त ३० मिनिटे. त्यात जोरात पाय मारले, घाबरून धापा टाकल्या, की हा वेळ आणखी घटतो. आणि टाकी पूर्ण रिकामी होईपर्यंत कोणी शहाणा खाली राहत नाही. वर येण्यासाठी हवा राखून ठेवावीच लागते.

वर पाठलाग केला तर? तो तर जास्तच वाईट! दहा मीटरवर फुगा एक लिटरचा असेल, तर पृष्ठभागाशी येईपर्यंत तो दोन लिटरचा होतो. आपली फुप्फुसे म्हणजे दोन फुगेच. वर पळणाऱ्या कॅमेऱ्यामागे कोणी श्वास रोखून झपाट्याने वर आला, तर फुप्फुसांतली हवा फुगून त्यांना इजा होऊ शकते. जीवही जाऊ शकतो. म्हणून डायव्हिंगचा पहिला नियम : श्वास कधीही रोखायचा नाही. आणि दुसरा : वर यायचे ते सावकाश. हल्ली मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जास्त वेगाने वर येऊ नये असे शिकवतात.

आता कळले ना, त्या दादाने तुमच्या वस्तू होडीतच का ठेवून घेतल्या? वस्तू हरवेल ही काळजी लहान. वस्तूच्या मागे माणूस जाईल ही काळजी मोठी!

दादाच्या वस्तू का पडत नाहीत?

कारण त्या नीट बांधलेल्या असतात. बांधण्याचेही एक शास्त्र आहे. बघा हं.

पहिली गोष्ट, गरज नसलेली वस्तू न्यायचीच नाही. जी नेली नाही ती पडतही नाही.

दुसरी गोष्ट, प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली. पाणबुड्याच्या जाकिटावर छातीशी आणि कमरेशी धातूच्या कड्या असतात. त्यांचा आकार इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखा असतो, म्हणून त्यांना डी-रिंग म्हणतात. टॉर्च या कडीला, गेज त्या कडीला, असे एकदा ठरले की दर वेळी तसेच. पाणी गढूळ झाले, काही दिसेनासे झाले, तरी हात बरोबर तिथेच जायला हवा. माडावरच्या कोयत्यासारखा!

तिसरी गोष्ट, आकडा योग्य हवा. सगळ्यात भरवशाचा म्हणजे बोल्ट स्नॅप. कुत्र्याच्या साखळीच्या टोकाला सरकत्या खिट्टीचा आकडा असतो ना, तोच हा प्रकार. खिट्टी अंगठ्याने मागे ओढल्याशिवाय तो उघडत नाही. याउलट, नुसत्या दाबाने आत उघडणारा आकडा पाण्याखाली धोक्याचा. एखादी दोरी किंवा मासेमारीचे जाळे त्याला घासले, तर ते आपोआप आत शिरते आणि माणूस अडकून पडतो.

चौथी गोष्ट ऐकून तुम्हाला नवल वाटेल. आकडा वस्तूला साखळीने किंवा लोखंडी कडीने जोडायचा नसतो, तर मजबूत दोरीने बांधायचा असतो. का बरे? विचार करा. आकडा गंजून अडकला किंवा कुठे गुंतला, तर दोरी सुरीने कापता येते. लोखंड कसे कापणार? म्हणजे बांधायचे असे, की आपोआप सुटू नये, पण वेळ आली तर आपल्याला तोडता यावे.

पाचवी गोष्ट, काहीही लोंबता कामा नये. एसटीत चढताना दप्तराचा लोंबणारा पट्टा दाराच्या कडीत कसा अडकतो? तसेच पाण्याखाली होते. वस्तू अंगालगत बसली पाहिजे. त्यासाठी रबरी पट्टा लावतात आणि लांब वस्तू त्याच्याखाली सारतात.

ज्या वस्तू वारंवार वापरायच्या, त्यांच्यासाठी आणखी सोयी असतात. शाळेच्या ओळखपत्राला ओढली की लांब होणारी आणि सोडली की मागे जाणारी दोरी असते ना? तशीच दोरी गेजला लावतात. कॅमेऱ्याला वेटोळ्याची दोरी असते, जुन्या टेलिफोनच्या वायरीसारखी. हवी तेव्हा ताणते, नको तेव्हा आकसून बसते. टॉर्चला मनगटात घालायचा फास असतो. मात्र मनगटाला लटकणारा टॉर्च जाकिटाच्या बटणात किंवा नळीत गुंतू शकतो, म्हणून वापर झाला की तो लगेच कडीला अडकवायचा. आमच्यासारखे ‘जरा वेळच’ म्हणायचे नाही!

पोवळ्यांचाही विचार

लोंबत्या वस्तूंचा त्रास फक्त आपल्यालाच होतो असे नाही. मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पोवळी आहेत. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये ज्याच्या बांधकामाला सुरुवात केली, तोच हा किल्ला. त्या भागातले सागरी जीवन जपण्यासाठी १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. पोवळे दिसते दगडासारखे, पण ते असते लक्षावधी चिमुकल्या जिवांचे घर, आणि ते वाढतेही फार सावकाश. पाणबुड्याच्या पोटाखाली लोंबणारे जड गेज त्यावर खरडत गेले, तर एका क्षणात अनेक वर्षांची वाढ मोडते. पाणबुड्याला कळतसुद्धा नाही, कारण त्याची नजर पुढे असते!

आणि हरवलेला टॉर्च समुद्रात नुसता पडून राहत नाही. त्यातल्या बॅटरीचा कचरा माशांच्या वाट्याला येतो. म्हणजे नीट मारलेली एक गाठ तुम्हालाही वाचवते आणि पोवळ्यांनाही.

घरी करून पाहा

समुद्र जवळ नसला म्हणून काय झाले? हा खेळ पंढरपुरातही खेळता येईल आणि नागपुरातही.

सुमारे ४० सेंटिमीटर लांबीची मजबूत नाडी घ्या. तिची दोन्ही टोके एकत्र करून पक्की गाठ मारा. झाले एक कडे. आता टॉर्चच्या किंवा पाण्याच्या बाटलीच्या कडीतून या नाडीचे एक टोक आत घाला. त्याचा जो फास बाहेर येईल, त्यातून नाडीचा उरलेला भाग ओढून घ्या आणि घट्ट करा. पाहा, गाठ न मारता नाडी कशी पक्की बसली! जितके ओढाल तितकी ती आवळते.

नाडीच्या दुसऱ्या टोकाला एक आकडा बांधा आणि तो पट्ट्याच्या किंवा दप्तराच्या कडीला अडकवा. आता परीक्षा. डोळे मिटा. एका हाताने वस्तू सोडवा, वापरा आणि पुन्हा अडकवा. दुसऱ्या हाताची मदत नाही! पहिल्या प्रयत्नात जमणार नाही. दहा वेळा करा. मग भावाला किंवा बहिणीला घड्याळ लावायला सांगा. पाणबुडेही पाण्यात उतरण्याआधी जमिनीवर असाच सराव करतात.

आई-बाबांसाठी चार ओळी

मुलांना घेऊन समुद्रावर जाणार असाल, तर अंगठ्या, बांगड्या, कानातले, मंगळसूत्र घरीच किंवा खोलीवर कुलपात ठेवा. गार पाण्यात बोटे थोडी आकसतात आणि अंगठी सहज निसटते. मोबाइलची प्लास्टिकची पिशवी वरच्या पाण्यासाठी ठीक असते, पण दाबाखाली तिचा भरवसा धरू नका. चष्म्याच्या काड्यांमुळे मास्क चेहऱ्याला नीट चिकटत नाही आणि पाणी आत येते. ज्यांना चष्म्यावाचून दिसत नाही त्यांच्यासाठी नंबराच्या काचांचे मास्क मिळतात. त्याची आधी चौकशी करा. आणि मूल म्हणाले, “बाबा, कॅमेरा माझ्याकडे द्या ना!” तर पहिल्या खेपेला नकोच म्हणा. पहिल्यांदा उतरणाऱ्याला स्वतःचा श्वास सांभाळणे हेच पुष्कळ काम असते. फोटो बरोबरचे दादा काढतील.

आणि तरीही निसटलीच तर?

आता आपल्या मैत्रिणीच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग. इतके करूनही वस्तू पडली, तर दादा काय करतो?

आधी थांबतो. एक सावकाश श्वास घेतो. मग विचार करतो : मी किती खोल आहे? हवा किती आहे? जोडीदार कुठे आहे? वस्तू ठरलेल्या खोलीच्या आत आणि जवळच दिसत असेल, तर जोडीदाराला खूण करून दोघे मिळून सावकाश जातात आणि ती उचलतात. तसे नसेल, तर जाऊ देतात. गेली तर गेली! पुढे कधी जमले तर नीट ठरवून, पुरेशी हवा घेऊन शोधायला येता येते.

तो मित्राचा टॉर्च मला परत मिळाला नाही. पैसे साठवून मी त्याला नवा घेऊन दिला. तेव्हा तो मित्र हसला आणि म्हणाला, “अरे, टॉर्चचं काय एवढं! तू नसतास, तर मी हा कुणाला परत मागितला असता?”

शाळेच्या सहलीत नदीकाठी कोणाची चप्पल वाहून चालली, धबधब्याखाली कोणाची टोपी उडाली, गच्चीच्या कठड्याबाहेर पतंग अडकला, की आपले पाय आपोआप धावतात. तेव्हा माझी ही फजिती आठवा आणि आधी थांबा. चप्पल नवी घेता येते.

या आठवड्याचा प्रश्न

एका टॉर्चचे वजन बरोबर ५०० ग्रॅम आहे आणि आकारमान बरोबर ५०० मिलिलिटर. तो विहिरीच्या गोड्या पाण्यात बुडवून हळूच सोडला तर कुठे जाईल? आणि समुद्रात सोडला तर? दोन्हींचे उत्तर सारखे असेल का? कारणासहित लिहून पाठवा. आणि हो, डोळे मिटून एका हाताने आकडा लावायला तुम्हाला किती सेकंद लागले, तेही कळवायला विसरू नका!

तुमचा,
सागरकाका